झाडांची बेगमी

बागकामाची इंग्रजी पुस्तके सार्वजनिक वाचनालयांतून सहज मिळतात. त्यांत एक प्रकरण बहुधा ठरलेले असते: पानगळीच्या दिवसांत घराजवळच्या झाडांची हिवाळ्यासाठी तयारी कशी करावी. मुळांवर पाचोळ्याचा थर किती द्यावा, शेवटचे खोल पाणी केव्हा द्यावे, खोडाला काय लावावे, अशी माहिती त्यात असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हे प्रकरण निरुपयोगी वाटेल. आमच्याकडे पौषात पहाटेचा पारा आठ-दहा अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात, पपई-केळीची पाने थोडी करपतात, आणि थंडीचे प्रकरण तेवढ्यावर संपते. तरीही ते प्रकरण आम्हाला मोठ्या कामाचे वाटते. त्यातील 'हिवाळा' या शब्दाच्या जागी 'उन्हाळा' वाचावा म्हणजे झाले.

हा शब्दांचा खेळ नव्हे. थंड मुलुखात हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते. पाणी जमिनीत असते, पण मुळांना ते ओढता येत नाही. अशा वेळी पाने अंगावर ठेवली तर झाड तहानेने जाईल. म्हणजे झाडाच्या दृष्टीने तिकडचा हिवाळा हा एक दुष्काळच आहे. आमच्या दोन जिल्ह्यांत बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तो जवळजवळ सगळा मृगापासून चार महिन्यांत पडून जातो. पुढे आठ महिने कोरडे, आणि त्यांच्या शेवटी चंद्रपूरचा मे महिना, ज्यात पारा सत्तेचाळीस अंशांवर गेल्याची बातमी आता कोणाला नवी राहिलेली नाही. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत ऋतू. आमच्या गावात त्याचे स्वागत कूलरच्या ताट्या बदलून होते. तेव्हा आमच्याकडे झाडाला जपावे लागते ते या वसंत-ग्रीष्मात, आणि त्याची बेगमी करण्याचे दिवस म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे.

कामगार चळवळीतल्या माणसांनी झाडांविषयी का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रात्रपाळीत आहे. कोळसा खाणीचा किंवा वीज केंद्राचा कामगार सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. वसाहतीतल्या घराला सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर असले, आणि मे महिना असला, तर दुपारी एक ते पाच त्या घरात झोप लागत नाही. कूलर चालतो तो वीज असेपर्यंत. पश्चिमेच्या बाजूला कडुनिंबाचे भरगच्च झाड असेल तर मात्र माणूस झोपतो. न झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री यंत्रापाशी उभा राहिला म्हणजे काय होते, हे घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर येथल्या कोणत्याही कामगाराला सांगावे लागत नाही. हेल्मेट आणि बूट यांच्या मागण्या आम्ही लेखी देतो, मग सावलीची मागणी लेखी का देऊ नये?

आता मुळाशी जाऊ. पान गळणे म्हणजे पान मरणे, अशी आपली समजूत असते. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वादळात मोडून पडलेली आंब्याची किंवा सागाची फांदी पाहावी. तिची पाने चार दिवसांत वाळून कुरकुरीत होतात, पण फांदीवरच लटकून राहतात. उलट माघ-फाल्गुनात जिवंत झाडाचे पान वारा नसतानाही देठापासून अलगद सुटते. मेलेल्या फांदीला पान टाकता येत नाही. पान टाकणे हे जिवंत झाडाचे काम आहे, आणि ते मोठ्या हिशेबाने केलेले असते.

देठ जेथे फांदीला जडलेला असतो तेथे पेशींचा एक पातळ थर असतो. पाणी कमी पडू लागले, दिवसमान बदलले, की पानातील हिरवे द्रव्य मोडू लागते, आणि त्यातले नत्र, स्फुरद, पालाश झाड परत फांदीत आणि खोडात ओढून घेते. नत्र व स्फुरद यांचा साधारण निम्मा वाटा अशा रीतीने वाचतो. चुना मात्र पानात एकदा बसला की हलत नाही. तो पानाबरोबरच खाली जातो. नंतर त्या पातळ थरातील पेशींची सांधणी विरघळते, पान सुटते, आणि उघड्या पडलेल्या जागेवर बुचासारखे आवरण चढते. आम्हा युनियनच्या माणसांना 'कपात' हा शब्द सोसत नाही; पण देण्याघेण्याचा हिशेब पुरा करून आणि जखम बांधून केलेली ही कपात पाहिली म्हणजे काही व्यवस्थापनांना झाडाखाली नेऊन बसवावे असे वाटते. असो.

पाने टाकून झाड काय साधते? पानाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. हवा आत घ्यायची तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी बाहेर जाते. भर उन्हाळ्यात मोठे झाड एका दिवसात शंभर लिटरांहूनही अधिक पाणी हवेत सोडू शकते. ही तोंडे मिटली की जमिनीतली ओल पुरते. साग तर मृगापर्यंत उघडाच उभा राहतो. पळस आणि सावर पाने टाकून त्या उघड्या फांद्यांवर फुलतात. मोहाची फुलेही त्याच सुमारास टपकू लागतात. परंतु कडुनिंब, पिंपळ, करंज, कुसुम यांची रीत निराळी आहे. ही झाडे पाने टाकतात आणि थोड्याच आठवड्यांत, पावसाची वाट न पाहता, नवी पालवी काढतात. जुनी पाने गेल्यामुळे पाण्याचा खर्च थांबतो, खोल गेलेल्या मुळांनी आणलेले पाणी फांद्यांत पुन्हा भरते, आणि त्या जोरावर डोळे फुटतात. म्हणूनच वैशाखात सागाखाली ऊन असते आणि कडुनिंबाखाली सावली. कोणी विचारले की घराच्या पश्चिमेला काय लावावे, तर आमचे उत्तर ठरलेले आहे. साग किमतीचा खरा, पण त्याची किंमत कापल्यावर मिळते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो सुंदर, पण त्याचे लाकूड ठिसूळ, मृगाआधीच्या वावधनात त्याची फांदी छपरावर येते.

झाडाने खाली टाकलेल्या पाचोळ्याचा या तयारीत मोठा वाटा असतो. तो मुळांवर पसरतो, जमिनीवर ऊन पडू देत नाही, ओल उडू देत नाही, आणि पावसाळ्यात कुजून आपल्यातला चुना आणि उरलेले नत्र परत करतो. आपण काय करतो? सकाळी अंगण झाडून त्याचा ढीग करतो आणि काडी लावतो. फाल्गुनात कोणत्याही वसाहतीत सकाळी साडेसहाला जावे, दहा ठिकाणी धूर दिसेल. त्या धुरात नत्र जाते. राखेत चुना-पालाश राहतो, तो वाऱ्याने आणि पहिल्या पावसाने जातो. झाडाखालची जमीन उघडी पडते, आणि ज्याने आठ महिन्यांची बेगमी केली होती त्याची कोठी आपण भर उन्हाळ्याच्या तोंडावर जाळून टाकतो. पाचोळा उघड्यावर जाळण्यास कायद्याने बंदी आहे हे खरे, पण हा धूर बंदीने थांबलेला नाही. स्वच्छ अंगणाची आपली कल्पनाच अशी आहे की जमिनीवर पान दिसले की घरच्या बाईला आळशी ठरवायचे. ही कल्पना सुटली पाहिजे.

पाचोळा ठेवायचा तो असा. झाडाचा घेर जेथे संपतो, म्हणजे दुपारी बाराला सावलीची कड जेथे पडते, तेथपर्यंत तो चार ते सहा इंच जाडीने पसरावा. खोडाला मात्र लागू देऊ नये. हातभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी आणि बुरशी या दोघींना आपण घर बांधून देतो. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून थोडी माती किंवा शेण कालवलेले पाणी शिंपडावे. साप-विंचवाची भीती अनेक जण सांगतात, आणि आमच्या भागात ती खोटी म्हणता येत नाही. जेथे लहान मुले खेळतात किंवा खाटा टाकतात तेथला पाचोळा काढून एका कोपऱ्यात कुजवावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणत, त्यांनी याच कामासाठी भोके ठेवलेल्या विटांची टाकी काढली. पाचोळा, थोडे शेण आणि माती यांचे थर देऊन तीत तीन-चार महिन्यांत खत तयार होते. वसाहतीच्या एका ओळीला मिळून एक टाकी पुरते.

जमिनीचाही विचार हवा. वर्धा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे वरोरा, भद्रावती, राजुरा या बाजूस, काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. भेग पडताना बारीक मुळे तुटतात, आणि भेगेतून खालची ओलही उडून जाते. शेतकरी हे जाणतो, म्हणून तो वखर फिरवून वरची माती भुसभुशीत करतो. अंगणात वखर नाही, खुरपे आहे. मार्गशीर्षात, भेगा पडण्याआधी, झाडाखालची दोन-तीन इंच माती हलवून ठेवावी आणि वर पाचोळा द्यावा. पूर्वेकडे, गडचिरोलीच्या बाजूला, माती पुष्कळ ठिकाणी रेताड-मुरमाड आहे. तिला भेगांचा त्रास कमी, पण पाणी धरण्याची ताकदही कमी. तेथे गावतलावाचा, बोडीचा गाळ आळ्यात घालणे फार उपयोगाचे.

पाण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची. रोज तांब्याभर पाणी खोडाशी ओतण्याने पुण्य लागत असेल, झाडाला लागत नाही. मूळ पाण्याच्या मागे जाते. वर पाणी दिले की मुळे वर राहतात आणि वैशाखात भाजतात. तीन-चार वर्षांच्या झाडाला आठवड्यातून एकदा दोन बादल्या, सावलीच्या कडेशी केलेल्या आळ्यात, संध्याकाळी द्याव्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाजवळ बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके पुरावे. मडके भरले की दोन-चार दिवस पाहावे लागत नाही. आंघोळीचे पाणी चालते. सोडा-पावडरीचे धुण्याचे पाणी रोज देऊ नये. जुन्या कडुनिंबाला बहुधा पाणी द्यावेच लागत नाही, त्याच्या मुळांवरची जमीन मोकळी ठेवली म्हणजे पुरे.

आणि येथेच अलीकडचे मोठे संकट आहे, ते म्हणजे सिमेंटच्या फरशीचे. अंगण, गल्ली, रस्त्याची कड, सगळे फरशीने मढवले जाते आणि झाडाचे खोड त्या फरशीतून खांबासारखे वर येते. पाणी आत जात नाही, हवा आत जात नाही. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या वसाहतीत तेवढे मोकळे वर्तुळ ठेवून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही. फरशी बसत असताना दोन माणसे तेथे उभी राहिली तरी ते होते.

खोडाला चुना लावण्याची आपली जुनी रीत शोभेसाठी आहे असे पुष्कळांना वाटते. थंड देशांतही खोडे पांढरी करतात, कारण हिवाळ्यात दिवसा ऊन साल तापवते आणि रात्री ती गोठून फाटते. आमच्याकडे आंबा, पेरू, लिंबू यांच्या कोवळ्या झाडांची पश्चिमेकडची साल उन्हाने भाजून तडकते, आणि तडकलेल्या सालीतून कीड आत शिरते. माघात चुन्याचा हात दिला तर ऊन परतते. डिंक गळत असेल तर नागपूरकडचे संत्रा-बागाईतदार वापरतात तो बोर्डो मलम लावावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. घरी शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी घ्यावे. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे, आणि लोखंडी भांडे वापरू नये.

खाणी आणि वीज केंद्रांच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी एक काम आहे. कोळशाची धूळ आणि राख पानांवर बसते आणि मृगापर्यंत ती धुणारा पाऊस नसतो. लहान झाडांवर पंधरवड्यातून एकदा पाण्याचा फवारा मारला तर पाने मोकळी होतात. मोठ्या झाडाला हे शक्य नाही; ते पाने टाकून नवी काढते, हाच त्याचा उपाय.

छाटणीकडे वळू, कारण सर्वाधिक नुकसान तेथे होते. एका खाण-वसाहतीत कडुनिंबाची एक ओळ वीजतारांखाली होती. चैत्रात कंत्राटदाराची माणसे आली आणि नुकत्या पालवलेल्या त्या झाडांचे शेंडे सरसकट उडवून बोडके खांब उभे करून गेली. त्या उन्हाळ्यात त्या ओळीतील बाया दुपारी मुले घेऊन समाजमंदिराच्या ओसरीत बसत. त्याच हा विषय युनियनकडे घेऊन आल्या. आम्ही दोन गोष्टी लेखी मागितल्या: तारांना लागणाऱ्या फांद्या मार्गशीर्षात कापाव्या, आणि झाडलेला पाचोळा जाळू नये. पहिली मान्य झाली. दुसरीसाठी पत्रव्यवहार चालू आहे.

वेळेचा मुद्दा बारकाईचा नाही. कार्तिक-मार्गशीर्षात ऊन मवाळ असते आणि पालवी अजून दूर असते. चैत्रात झाडाने साठवलेले सगळे नव्या पानांत घातलेले असते; तीच कापली तर त्याची थैली रिकामी होते, आणि आतापर्यंत सावलीत असलेली साल एकाएकी उन्हात येते. कापण्याची रीतही महत्त्वाची. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिले की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडते, आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा एक फुगीर गळपट्टा असतो. या भिंतींसाठी त्याची गरज असते. म्हणून फांदी त्या गळपट्ट्याच्या बाहेरून कापावी, खोडाशी घासून नव्हे, आणि हातभर खुंट ठेवूनही नव्हे. जड फांदीला आधी खालून काप द्यावा, मग थोडे पुढे वरून. नाहीतर ती पडताना खोडाची साल सोलत नेते. शहरांसाठी १९७५ चा जो झाडांच्या संरक्षणाचा राज्य कायदा आहे, त्यात झाड 'तोडणे' या शब्दात जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते, हे मुकादमाला सांगून ठेवावे. पुष्कळांना ते ठाऊक नसते.

कडुनिंबाविषयी एक सावधगिरी. शेजारच्या तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुनिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर करपले. हा बुरशीचा रोग आहे. पावसाळ्याच्या शेवटी शेंड्यांची पाने तपकिरी होऊन फांदीवरच लटकतात, आणि लोक झाड मेले म्हणून कुऱ्हाड घेतात. वर सांगितलेली खूण येथे उपयोगी पडते: पान गळत असेल तर झाड काम करीत आहे, पान वाळून लटकत असेल तर तेवढी फांदी आजारी आहे. बहुतेक झाडे पुढच्या पालवीत सावरतात. वाळलेले शेंडे हिवाळ्यात काढावे आणि चैत्रापर्यंत थांबावे.

जंगलातही हाच पाचोळा जळतो. मोहफुले वेचणारा पहाटे झाडाखाली येतो. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून तो काडी लावतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण दोन महिन्यांच्या त्या मिळकतीवर त्याचे घर चालते. आग मात्र त्या झाडाखाली थांबत नाही. ती रोपे आणि पडलेले बी घेऊन पुढे जाते. वनखाते जाळरेषा काढते, तरी तेवढ्याने भागत नाही. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळते आणि भावही बरा येतो. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क देशात सर्वप्रथम मिळालेल्या गावांपैकी एक. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरचा त्याचा हक्क मान्य झाला. जंगल आपले म्हणणारा गाव आग लागली की स्वतः धावतो. क्वार्टरातल्या झाडाची अडचण नेमकी ही आहे की घर कंपनीचे, पाणी घालणारा कामगार, कापणारा कंत्राटदार, आणि कामगार निवृत्त झाला की झाड नव्या माणसाच्या स्वाधीन. म्हणून आम्ही आमच्या शाखांना सुचवले आहे की घराचा ताबा देताना पंखे-नळांच्या यादीत अंगणातील झाडेही लिहून घ्यावी: झाड कोणते, कोणत्या बाजूला, आळे कोठे, शेवटची छाटणी केव्हा. एवढा कागद असला म्हणजे कार्तिकात काम कोठून सुरू करायचे हे नव्या माणसाला विचारत फिरावे लागत नाही.